एक नग जास्त

बंदुकीपासून नानासो माळवदे यांना काय मिळायचे होते, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. पैसा तर नव्हताच. अतिशय केबलवर दर गुरुवारी संध्याकाळी लागणाऱ्या कार्यक्रमाचे मानधन म्हणजे घरच्या केबलची वर्गणी माफ आणि चित्रीकरणाच्या दिवशी एक चहा; पान ज्याचे त्याने खायचे. पण नाटक मंडळ्यांना दाढ्या, मिशा, मुकुट आणि ढाली भाड्याने देण्याचे दुकान असल्यामुळे ज्या माणसाला अख्खी सांगली 'दाढीवाले नाना' म्हणत होती, त्याला ती आता 'बंदूकवाले नानासो' म्हणणार होती. दाढी भाड्याने देणाऱ्याला लोक 'काय नाना' म्हणतात; बंदूक बाळगणाऱ्याला 'या, बसा' म्हणतात. जमेच्या बाजूला हे 'या, बसा' होते. नावेच्या बाजूला काहीच नव्हते, कारण बंदूक दुकानातलीच होती.

ती सागवानी होती. कुठल्याशा ऐतिहासिक नाटकात गोऱ्या साहेबाच्या हातात द्यायला ती कोरून घेतली होती. नळीच्या जागी पाण्याचा पाइप, वरून काळा ऑइलपेंट, आणि दस्त्याला असे पॉलिश की त्यात बघून भांग पाडावा. चाप ओढल्यावर तिच्यातून काहीही होत नसे. आवाजासाठी पडद्यामागे एक माणूस पत्र्यावर फळी आपटायला बसवलेला असे. एका प्रयोगात त्या माणसाला डुलकी लागली आणि साहेबाने पुन्हा पुन्हा चाप ओढला, तेव्हा समोरचा नट स्वतःच्या जबाबदारीवर मेला. तेवढा एक प्रसंग सोडला तर बंदुकीची सेवा निष्कलंक होती.

ही गोष्ट पंचाण्णव-शहाण्णवची. घरोघरी केबल आली होती आणि नाटके उठली होती. 'अतिशय केबल नेटवर्क' ही पाटी वाचून बाहेरगावचा माणूस 'अतिशय काय?' असे विचारी. पण अतिशय हे विशेषण नसून मालकाचे नाव होते. अतिशय चौगुले हा उद्योगी मुलगा. सिनेमाच्या कॅसेटी लावून झाल्यावर जो वेळ उरे, त्यात काहीतरी स्थानिक दाखवावे म्हणून त्याने पाककृती करून पाहिली, भविष्य करून पाहिले, आणि शेवटी एका गुरुवारी नानासोंना बंदुकीसह खुर्चीवर बसवले. कार्यक्रमाचे नाव 'बंदूक आणि आपण'.

नानासोंनी आयुष्यात बंदूक उडवलेली नव्हती, त्यामुळे त्यांना बोलायला अडचण आली नाही. बंदूक भिंतीवर टांगताना तिचे तोंड कोणत्या दिशेला असावे, वरातीत बंदूकधाऱ्याने नवरदेवाच्या डावीकडून चालावे की उजवीकडून, बंदूक आणि माणसाचा स्वभाव यांचा मेळ कसा घालावा, अशा एकेका विषयाला ते हात घालीत. "बंदूक भरण्यापूर्वी मन रिकामे करावे," असे ते एकदा म्हणाले. हे वाक्य दुसऱ्या दिवशी कुपवाडच्या एका कारखान्यात खडूने फळ्यावर लिहिलेले आढळले. पोरे एक डोळा मिटून चालू लागली. सफारी शिवणारे शिंपी छातीवर काडतुसांचे कप्पे काढून देऊ लागले. त्यात लोक तंबाखूची पुडी ठेवीत.

एखाद्या गावात इतका मान कुणाला मिळू लागला की शेजारच्या जिल्ह्याला ते बघवत नाही. साताऱ्याच्या केबलवर सुभेदार लालासाहेब शेडगे अवतरले.

लालासाहेब मूळचे पाटणकडचे. सुभेदार ही पदवी त्यांना लष्कराने दिलेली नव्हती, गावाने दिली होती. उत्तरेकडे कुठेतरी लष्कराच्या दूध डेअरीत म्हशींच्या दुधाची नोंद ठेवण्यात त्यांची नोकरी गेली. बंदूक त्यांनी रोज पाहिली होती; ती फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर असे. तरी 'मी मिलिटरीत होतो' हे वाक्य खरेच होते, आणि पुढचे प्रश्न विचारायची साताऱ्यात पद्धत नाही. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव 'खरी बंदूक', आणि त्यात बंदूक नव्हती.

"असली सोल्जर हत्यार दिखाता नहीं," ते मिशीला पीळ देत म्हणाले. "साताऱ्यात पोरगं रांगायच्या आधी कदमताल करतं. सांगलीवाले काय, बंदूक हातात घेऊन पद म्हणणार! अहो ती नाटकाची बंदूक आहे. नाटकाची!"

हे बोलणे शंभर टक्के खरे होते. लालासाहेबांनी ते अंदाजाने ठोकले होते, एवढेच.

ती कॅसेट एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती सांगलीला आली. अतिशयने ती बुधवारी दाखवली आणि गुरुवारी नानासोंचे उत्तर चित्रित करून त्याच ड्रायव्हरबरोबर साताऱ्याला पाठवले. "ज्यांनी हातात कधी शस्त्र धरले नाही," नानासो सागवानावर हात फिरवीत गंभीरपणे म्हणाले, "त्यांनी खऱ्या-खोट्याच्या गोष्टी करू नयेत." हेही लालासाहेबांच्या बाबतीत शंभर टक्के खरे होते. अशा रीतीने दोन्ही जिल्ह्यांत आठवड्याला दोन सत्ये प्रसारित होऊ लागली आणि दोन्हींवर कुणाचा विश्वास बसेना. चहाच्या गाड्यांवर बाचाबाची झाली. एका घरी साताऱ्याची सून आणि सांगलीची सासू यांनी बुधवार-गुरुवार वेगवेगळा स्वयंपाक केला. दोन्ही केबलवाले फोनवर एकमेकांना म्हणत, "तुमचा माणूस जरा अजून तापवा." नवीन जोडण्या मागणाऱ्यांची रांग लागली होती.

मात्र भांडण फार दिवस नुसत्या तोंडावर चालत नाही. प्रेक्षक पुरावा मागू लागले. तेव्हा अतिशयला आपला मामा आठवला.

मामा म्हणजे रायगोंडा पाटील. कृष्णाकाठी शेती. आजोबांच्या वेळची बारा बोअरची बंदूक घरात, आणि 'पीक संरक्षणार्थ' असा शिक्का मारलेला परवाना. रायगोंडांनी त्या बंदुकीने मुंगीही मारलेली नव्हती. जैन माणूस, पाणी गाळून प्यायचा, दिवस मावळायच्या आत जेवायचा. शेंगेत रानडुकरे शिरली की बांधावर उभा राहून आभाळाकडे एक बार काढायचा. डुकरे पळायची. मग त्यांच्या जिवाला भीती घातली म्हणून दुसऱ्या दिवशी रायगोंडा उपास धरायचे. एक बार, एक उपास. भुईमूग भरायच्या दिवसांत माणूस निम्म्याने वाळायचा.

त्या वर्षी दोन एकर उन्हाळी भुईमूग होता आणि थोरली दीपाली बी.एड.ला जाणार होती. ती कशाच्या जिवावर जाणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. सगळे नुसते शेंगेच्या वावराकडे बघत.

"मामा, बंदूक एका दिवसासाठी द्या," अतिशय म्हणाला.

"बंदूक काय पाटा-वरवंटा हाय व्हय रं, शेजारणीला द्यायला? परवाना माझ्या नावावर हाय. ती जाईल तितं मी जाणार."

"मग तुम्हीच या की!"

"मी यून काय बोलू?"

"जावा की," आतून गुणमाला म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं माझ्यासंगं बोलला न्हाईसा. त्या डब्याफुडं तरी बोला. कळूं दे मला बी, कसा आवाज हाय ते."

रायगोंडा आले. बंदुकीचा दस्ता आजोबांच्या काळी फुटला होता, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. नळीला खोबरेल लावलेले. ती त्यांनी मांडीवर आडवी, कुदळ ठेवावी तशी ठेवली. समोर नानासो, अंगावर सफारी, हातात आरशासारखी सागवानी.

"रायगोंडाजी," नानासोंनी नाटकी आवाजात सुरुवात केली, "या शस्त्राचा स्वभाव कसा आहे?"

"सोभाव? चाप वढला की वाजती."

"किती अंतरापर्यंत मारते?"

"मारत न्हाई मी."

"मग काय करता?"

"आभाळाकडं धरतो. आवाज हुतो. डुकरं जात्यात. मग मी उपाशी ऱ्हातो."

"आणि... बंदूक भरण्यापूर्वी मन रिकामं करता ना?"

रायगोंडांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काडतूस भरतो," ते म्हणाले.

फोन खणखणू लागले. "मामाला उठवा!" "नट तरी बरा निवडायचा." "तार बांधलेली बंदूक कुठे खरी असते का हो? नानासोंची बघा, कशी चकाकते!" एका निवृत्त शिक्षकांनी कळवले की सदर गृहस्थांच्या चेहऱ्यावर बंदूकधाऱ्याचे तेज नाही, आणि उपासाचा मजकूर विनोदासाठी घुसवला असल्यास तो धर्मभावनेस धरून नाही. साताऱ्याहून लालासाहेबांनी निकाल दिला, "सांगलीचे दोन्ही नकली. पण पहिल्याची अॅक्टिंग तरी बरी आहे."

रायगोंडा बंदूक पोत्यात गुंडाळून एस.टी.ने घरी गेले. गुणमाला म्हणाल्या, "बोलला की वं लय! आठ वाक्यं मोजली मी."

एवढ्यात लोकसभेच्या निवडणुका लागल्या. निवडणूक आली की सर्व परवानाधारकांनी आपापली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करावीत, असा नियम आहे. ज्यांच्या हत्यारांना परवाना नसतो, त्यांना हा नियम लागू होत नाही. रायगोंडांना दर निवडणुकीची सवय होती. ते गेले, बंदूक आणि उरलेली काडतुसे दिली, पावती घेऊन आले. पण लालासाहेबांच्या पुढच्या कॅसेटमध्ये मोठा बार निघाला. "नानासोंची बंदूक असली असंल, तर ती जमा होणार. जमा झाली तर पावती मिळणार. दिखाओ पावती!"

नानासो दोन दिवस दुकानातून बाहेर पडले नाहीत. ज्याच्याकडे बंदूक नाही त्याने ती जमा केली नाही, तर कायदा त्याला हात लावू शकत नाही; पण मग 'या, बसा' जाणार होते आणि 'काय नाना' परत येणार होते. तिसऱ्या दिवशी सफारी चढवून, सागवानी खांद्यावर टाकून ते पोलीस ठाण्याची पायरी चढले. मागून अतिशय कॅमेरा घेऊन.

मुद्देमाल कारकून म्हणजे हवालदार अर्जुना. ठाण्यात जप्त होणारी आणि जमा होणारी प्रत्येक वस्तू त्याच्या खोलीत जायची. त्या दिवशी त्याच्यासमोर बंदुकांचा भारा उसाच्या मोळीसारखा पडला होता.

"आवं, नानासो! तुमी सोता?" अर्जुना उठून उभा राहिला. "या, बसा."

नानासोंना खुर्चीपेक्षा त्या शब्दांवर बसल्यासारखे झाले.

"परवाना..." असे म्हणून अर्जुना लाजला. "न्हाई म्हंजे, विचारावं लागतंय. तुमाला कसं विचारायचं वं? गुरवारी तुमचं बघिटल्याबिगार आमची पोरं जेवत न्हाईत."

"कायदा सर्वांना सारखा," नानासो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "अवश्य विचारा."

उत्तर मात्र त्यांनी दिले नाही. अर्जुनाने थोडा विचार करून परवाना क्रमांकाच्या रकान्यात 'प्रसिद्ध' असे लिहिले, पुढे 'बंदूक, बारा बोअर, नग एक' असे लिहून शिक्का मारला. त्या गुरुवारी अतिशय केबलने कार्यक्रमाचा बहुतेक वेळ नुसती पावती दाखवली. शिक्का जवळून घेतला होता. सांगलीत फटाके वाजले. जे काम सागवान आणि ऑइलपेंट यांना वर्षभर जमले नव्हते, ते जांभळ्या शाईने एका क्षणात केले होते. बंदूक खरी झाली.

निवडणुका झाल्या, निकाल लागले, मिरवणुका निघाल्या. हत्यारे परत करण्याआधी मोजणी झाली आणि ठाण्याच्या साहेबांनी अर्जुनाला आत बोलावले. परवान्यांपेक्षा बंदुका एकने जास्त भरत होत्या.

"कमी भरली असती तर चोरीला गेली म्हणता आलं असतं," साहेब कपाळ धरून म्हणाले. "एक नग जास्त! जास्त झालेली वस्तू कुठं गेली म्हणून दाखवायची?"

अर्जुनाने सागवानी आणून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलली, टकटक वाजवली, वास घेतला, आणि ताबडतोब दार लावून घेतले.

प्रश्न सरकारी दृष्टीने बिकट होता. लाकडी म्हणावी, तर पोलीस ठाण्याने लाकूड पारखून त्याला बारा बोअरची पावती दिली असे होते. खरी म्हणावी, तर विनापरवाना बंदूक एका माणसाने कॅमेरा लावून ठाण्यात आणली आणि ठाण्याने त्याला खुर्ची दिली असे होते. पहिल्यात अर्जुना जात होता, दुसऱ्यात नानासो आणि अर्जुना दोघेही, आणि कुठल्याही हिशेबाने चौकशी साहेबांच्या बढतीच्या आड येत होती.

"तज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा लागेल," साहेब म्हणाले. "तज्ज्ञ निःपक्षपाती पाहिजे. नानासोंचा उघड शत्रू असा कोण आहे?"

हे चालू असताना रायगोंडा दर दोन-तीन दिवसांनी ठाण्यात येत होते. "साहेब, शेंग भरली. काढायला मानसं मिळस्तवर राखाय पायजे. डुकरं लागल्यात. बंदूक द्या."

"हिशेब जुळेपर्यंत एकही नग हलणार नाही."

"फटाकं लावा की मामा," अर्जुना हळूच म्हणाला.

"लावलं रं. निवडणुकीच्या मिरवणुका ऐकून ऐकून त्यास्नी फटाक्याचं काय वाटंना झालंय. डबं वाजिवलं, तर जवळ यून बघत्यात. कोन निवडून आला, असं."

लालासाहेब सरकारी जीपने साताऱ्याहून आले. मिशीला खास तेल लावले होते. मुद्देमाल खोलीत नेऊन साहेबांनी सागवानी त्यांच्या हातात दिली, आणि हातात धरलेली ती त्यांच्या जन्मातली पहिली बंदूक होती. दस्त्यातून खिळ्याचे डोके वर आलेले त्यांना दिसले. त्यांचा चेहरा उजळला. आपण वर्षभर अंदाजाने बोललो ते खरे निघाले, हा आनंद फार थोड्या तज्ज्ञांच्या वाट्याला येतो.

"ही तर..." ते गर्जले.

"एक मिनिट," साहेब नम्रपणे म्हणाले. "अभिप्राय आपण मोकळेपणाने द्या. फक्त एक. शस्त्र नकली ठरलं, तर प्रकरण वर जाईल, मग तज्ज्ञाच्या लष्करी सेवेचा तपशील कागदपत्रांसह जोडावा लागेल. कोणती पलटण, कोणतं हत्यार, किती वर्षं. अस्सल ठरलं, तर नुसती सही पुरते."

लालासाहेबांनी बंदूक पुन्हा एकदा निरखून पाहिली.

"ही तर अव्वल चीज आहे," ते म्हणाले.

"चाचणी रीतसर झाली पाहिजे. तुलनेसाठी दुसरी एक आण रे, अर्जुना."

अर्जुनाच्या हाताला जी लागली ती तार गुंडाळलेली होती. आधी सागवानीची चाचणी झाली. काडतूस आत शिरेना. लालासाहेबांनी 'मुख लहान असणे हे संयमाचे लक्षण' असे लिहायला सांगितले. चाप तीनदा ओढला, खोलीत शांतता. मग अर्जुनाने रायगोंडांच्या बंदुकीत काडतूस घातले आणि 'ह्यो चाप न्हवं का?' म्हणून बोट लावले. छपराची दोन कौले फुटली. कोठडीतले दोन पाकीटमार, विचारले नसताना, कबूल झाले. धूर विरल्यावर सुभेदार टेबलाखाली सापडले. त्यांनी अहवाल तिथूनच सांगितला आणि बाहेर येऊन सही केली.

अहवालाचा मजकूर असा : 'बंदूक क्रमांक एक. चाप वारंवार ओढूनही शस्त्र विचलित झाले नाही. शिस्तबद्ध असून विनाआदेश गोळी सोडत नाही. वजनास हलकी, दिसण्यास रुबाबदार. अस्सल. बंदूक क्रमांक दोन. नुसता हात लागताच मोठा आवाज करते, धूर सोडते व उपस्थित अधिकाऱ्यांच्या जिवास धोका उत्पन्न करते. सबब सदर वस्तू बंदूक नसून बंदूकसदृश स्फोटक वस्तू आहे.'

साहेबांनी 'सदृश' या शब्दाखाली समाधानाने रेघ ओढली. रायगोंडांची बंदूक बंदूक नसल्यामुळे बंदुकांतून वजा झाली. बंदुका आणि परवाने यांचा आकडा तंतोतंत जुळला. रायगोंडांचा एक परवाना बंदुकीविना राहत होता आणि नानासोंची एक बंदूक परवान्याविना. दोघांची गाठ घालून दिली की कुणाचेच काही अडत नव्हते. लग्ने याहून कमी गुण जुळवून होतात.

"हे काय?" रायगोंडांनी हातातली सागवानी उलटसुलट करून पाहिली. "ह्ये लाकूड हाय, साहेब."

"अस्सल बंदूक आहे. अहवाल वाचा."

"माझ्या आज्याची तारंची बंदूक कुटं हाय?"

"ती बंदूक नव्हती. स्फोटक वस्तू होती." साहेब दुःखाने म्हणाले. "ती तुमची आहे असं तुम्ही लेखी देत असाल, तर स्फोटकं बाळगल्याबद्दल गुन्हा दाखल करावा लागेल. ही तुमची नाही म्हणत असाल, तर परवान्यावरची बंदूक गहाळ केल्याबद्दल दुसरा. यापैकी तुम्हाला काय सोयीचं आहे?"

रायगोंडांनी सागवानी पुन्हा उलटी करून नळीत डोकावून पाहिले. अर्जुनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "घ्या मामा. सागवान हाय. काय वंगाळ न्हाई." त्यांनी सही केली.

बंदूक रायगोंडांकडे गेली हे कळल्यावर नानासोंचा चेहरा एक दिवस उतरला. मग अतिशयने 'शस्त्रप्रदान सोहळा' योजला. एका गरीब शेतकऱ्याच्या पिकासाठी नानासो आपले प्राणप्रिय शस्त्र दान करत आहेत, असे थेट दाखवण्यात आले. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले. कॅमेरा रायगोंडांवर गेला तेव्हा ते म्हणाले, "ही उडत न्हाई वं. ही लाकडाची हाय. तुमी हात लावून बघा की कुनी बी." फोन इतके आले की लाइन जाम झाली. दान घेऊन वर नावे ठेवतो! याला बंदुकीतले काय कळते? मागच्या खेपेलाच आम्ही ओळखले होते! साताऱ्याहून सुभेदारांची कॅसेट आली. आता त्यांच्या नावामागे 'शासनमान्य' लागले होते. "मैंने खुद चेक की है," ते म्हणाले. वर्षभर भांडलेल्या दोन जिल्ह्यांचे या एका मुद्द्यावर एकमत झाले.

सोहळा आटोपल्यावर नानासोंनी रायगोंडांना बाजूला घेतले. माणूस अगदीच वाईट नव्हता. "आवाजाचं काय आहे, रायगोंडाजी," ते कानाशी लागून म्हणाले, "हिला पडद्यामागं माणूस लागतो. पत्रा आणि फळी. पत्रा मी देतो, भाडं नको."

त्या संध्याकाळी रायगोंडा सागवानी आभाळाकडे धरून बांधावर उभे राहिले आणि ताटीमागे गुणमाला पत्र्यावर फळी आपटत राहिल्या. "चाप वडा, मग मी हानते," त्या म्हणाल्या. "आन तोंड जरा रागाचं करा. हसताय कशाला?"

"हसत न्हाई गं मी."

डुकरांनी शेंग खाल्ली. तब्येतीने, ओळीने खाल्ली. अतिशयने बांधावरचे ते दृश्य लांबून चित्रित करून गुरुवारी दाखवले, तेव्हा प्रेक्षकांची पत्रे आली की मामा पुष्कळ सुधारले, बंदूक धरण्याची ढब आता खरी वाटते.

हिशेब तेवढा राहिला. साहेबांना बढती मिळाली. अर्जुनाची पावती कुणी काढून बघितली नाही. सुभेदारांना साताऱ्याच्या शाळांत व्याख्याने मिळाली. नानासोंनी 'तलवार आणि आपण' सुरू केले, लोक त्यांना अजून 'या, बसा' म्हणतात. अतिशयच्या जोडण्या वाढल्या. डुकरांची पिल्ले त्या वर्षी बाळसेदार झाली. रायगोंडांना उपास पडले नाहीत, कारण बारच निघाला नाही; दीपाली बी.एड.ला गेली नाही. दोन एकरांतून शेवटी पोतेभर शेंग निघाली, ती सांगलीच्या बाजारात आली.

तुम्ही ती पाहिलीत. टीव्हीवर दिसले ते तुम्ही कधी हात लावून पारखले नव्हते, पण शेंगेच्या ढिगाशी तुम्ही उकिडवे बसलात, एक फोडलीत, दाणा चावलात, दुसरी फोडलीत, पोचट तर नाही ना म्हणून तिसरी. असे मूठभर झाल्यावर भाव विचारलात, "लय महाग हाय गड्या," म्हणालात आणि टरफले झटकून उठलात. रायगोंडा पुढ्यातच बसले होते. त्या मूठभर शेंगांचे नुकसानही त्यांनीच भरले.